न दुखलेला पाय

गेल्या वर्षी कोजागरी पौर्णिमेच्या दुपारी मी तुळजापूरला पोहोचलो. त्यानंतर सातव्या दिवशी बारामतीतल्या एका रुग्णालयात माझ्या डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट काढण्यात आले. लोणी भापकर ते तुळजापूर हे अंतर मी आठ दिवसांत अनवाणी चाललो होतो. या आठ दिवसांत पाय एकदाही दुखला नाही.

हे शेवटचे वाक्य मी तुळजापुरात भेटेल त्याला अभिमानाने सांगत होतो. ज्यांना शुगर आहे आणि जे अनवाणी चालण्याच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी हा मजकूर आहे. आजाराची शास्त्रीय माहिती डॉक्टरांनी द्यायची असते. मला ती वेळेवर दिली गेली नाही. त्याचा मला राग आहे आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

जथा

मी जळोचीत राहतो. एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत काम केले. लोणी भापकरच्या भाविकांचा जथा दरवर्षी नवरात्रातल्या अष्टमीला पायी तुळजापूरला निघतो, ही बातमी मी कित्येक वर्षे दिली. स्वतः कधी चाललो नव्हतो. नोकरी सोडली त्या वर्षी चाललो.

जथ्यात एकोणीस जण होते. प्रमुख आबा, वय एकाहत्तर, लोणीचे ऊस बागायतदार. पुढे चालायचा मान त्यांचा. नियम एकच आणि तो कडक. गावच्या शिवेवरच्या देवळापाशी पायताण काढायचे, ते घरी पाठवायचे. सामानाच्या टेंपोतही ठेवायचे नाही. आबांचे म्हणणे असे, की टेंपोत पायताण असले तर माणसाचे मन टेंपोतच राहते.

मला सहा वर्षांपासून शुगर होती. हे आबांना माहीत होते. जथ्यात आणखी तिघाचौघांना होती. त्याबद्दल बोलणे एवढेच झाले की चहा बिनसाखरेचा वेगळा करायचा. माझी पत्नी कुसुम हिने पिशवीत सुती मोज्यांचे चार जोड घातले होते. मी ते देवळापाशी बाहेर काढून तिच्या हातात परत दिले.

"लोक हसतील," मी म्हणालो.

"हसू द्यात की," ती म्हणाली. मी ऐकले नाही.

बावड्याचे पाणी

तिसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मुक्काम बावड्यात असतो. हे गाव वाटेपासून थोडे बाजूला पडते, पण तिथल्या एका घराचा मान जुना आहे. ते घर कुसुमच्या चुलतीचे, शेवंताकाकूंचे. जथा आला की काकू अंगणात चूल पेटवून हंडाभर पाणी तापवतात, त्यात मीठ आणि लिंबाचा पाला टाकतात आणि ओळीने सगळ्यांचे पाय धुतात.

काकूंचे हात आयुष्यभर चुलीपुढे राबलेले. पाणी किती तापले, हे त्या स्वतःच्या हाताने बघतात. त्या हातांना जे कोमट लागते ते इतरांना कोमट नसते.

माझ्या शेजारी विलास बसला होता. लोणीचाच, चाळिशीतला, डाळिंबाचा बागायतदार. परातीत पाय पडताच त्याने ते वर ओढले.

"आगं आयाया! काकू, पाय धुताय का कोंबडी सोलताय?"

बायका हसल्या. "बाप्या माणूस हायस का कोण? जरा दम धर," काकू म्हणाल्या.

त्याच परातीत माझे दोन्ही पाय होते. मी शांत बसलो होतो. पाणी गरम आहे, एवढे वाफेवरून कळत होते. काकूंनी माझ्याकडे पाहिले. "जावई, पोळत न्हाय व्हय तुमाला?"

"नाही."

आबा समोर पाटावर होते. ते उठून आले. "बघा रं! पैल्याच साली आईनं पत्रकारांचं पाय आपल्या अंगावर घेतलं. आमाला सात-आठ वर्सं लागली ह्याला. आई राजा उदो उदो!"

सगळ्यांनी उदो केला. माझ्या पायांवर हळदकुंकू वाहण्यात आले. दोन म्हाताऱ्या वाकून पाया पडल्या. मी त्यांना नको म्हटले नाही. मला ते आवडले, हेही नोंदवले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या करंगळीखाली बोराएवढा फोड होता. आबांनी सुईत दोरा ओवून तो आरपार काढला, पाणी निघून गेले, वर हळद दाबली. "दुखलं?" "नाही." आबांनी मान डोलावली. त्या दिवशी आम्ही भीमा ओलांडली. ऊन होते आणि डांबर तापलेले होते. विलास पांढऱ्या पट्ट्यावरून उड्या मारत चालत होता. मी डांबरावरून चाललो. पुढचे चार दिवसही तसाच चाललो.

फरशी

तुळजापूरहून एसटीने घरी आलो. अंगात कणकण होती, ती थकव्याची म्हणून सोडून दिली. चौथ्या दिवशी सकाळी कुसुम फरशी पुसत होती.

"अहो, हे काय सांडलंय?"

दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत तपकिरी डाग होते. तिने ते पुसले. मी पाणी प्यायला उठलो, परत बसलो. तिने वळून पाहिले तर पुसलेल्या फरशीवर नवे डाग. तिने माझा डावा पाय उचलून मांडीवर घेतला आणि लगेच पदर नाकाला लावला.

तिने रिक्षा बोलावली.

रुग्णालयात डॉक्टरबाईंनी जखम साफ करताना चिमट्याने बाभळीचा एक काटा काढला. बोटाच्या पेराएवढा. ट्रेमध्ये ठेवून त्यांनी विचारले, "कधी मोडला हा?"

"माहीत नाही."

"कुठे?"

"माहीत नाही."

कधी आणि कुठे, हे प्रश्न मी आयुष्यभर इतरांना विचारले. उत्तर न देणाऱ्यांविषयी माझे मत चांगले नसे. आता काटा माझ्या पायात होता आणि तो कुठल्या तालुक्यातला हेही मला सांगता येत नव्हते.

नंतर त्यांनी डोळे मिटायला सांगितले. हातात नायलॉनच्या दोऱ्यासारखे काहीतरी होते. "हे मी तळव्याला लावीन. लागलं की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले आणि थांबलो. बाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला. पंख्याचा आवाज येत होता. बराच वेळ गेला. शेवटी मी म्हणालो, "मॅडम, कधी सुरू करणार?"

डोळे उघडले तेव्हा कुसुम रडत होती.

"धा वेळा लावलं त्यांनी," ती म्हणाली. "दोन्ही पायांला."

डॉक्टरबाईंनी निदान तीन वाक्यांत सांगितले. शुगरने पायांच्या नसा गेल्या आहेत. हे वर्षा-दोन वर्षांपासूनचे असावे. पाय दुखला नाही, कारण दुखणे कळवणारे काही शिल्लक नव्हते.

टेबलाखाली

आता रागाचे कारण.

सहा वर्षे मी दर तीन महिन्यांनी एकाच दवाखान्यात जात होतो. दारावर पाटी होती : चपला बाहेर काढाव्यात. मी प्रत्येक वेळी त्या बाहेर काढल्या. म्हणजे सहा वर्षे, दर तीन महिन्यांनी, मी त्या डॉक्टरांसमोर अनवाणी बसलो. माझे पाय त्यांच्या टेबलाखाली, त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर उघडे होते. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, रक्तदाब पाहिला, वजन पाहिले. एकदाही खाली वाकून पाहिले नाही.

घरी आल्यावर मी संपूर्ण फाइल वाचली. तिच्यात 'पाय' हा शब्द कुठेही नाही.

कुबडी घेऊन मी त्यांना भेटायला गेलो. तक्रार करायची नव्हती, प्रतिक्रिया घ्यायची होती. ते सौजन्याने बोलले. म्हणाले, "तुम्ही पायाची कधी तक्रारच केली नाहीत."

न दुखणाऱ्या पायाची तक्रार रुग्णाने कशी करायची, असे मी विचारले. त्यांनी पुढच्या रुग्णासाठी घंटी वाजवली.

या तपासणीला यंत्र लागत नाही. दोराही नसला तरी चालते. रुग्णाने डोळे मिटायचे आणि दुसऱ्याने बोटाच्या टोकाने त्याच्या पायाच्या बोटांना हलकेच स्पर्श करायचा. हे मला रुग्णालयातल्या सिस्टरांनी शिकवले. एक मिनिट लागते. माझ्या दोन बोटांसाठी सहा वर्षांत ते एक मिनिट निघाले नाही.

रेघ

दाखल झालो त्या दिवशी डॉक्टरबाईंनी माझ्या घोट्याच्या वर, जिथे लाली संपत होती तिथे, निळ्या पेनाने रेघ मारली. लाली रेघेखाली राहिली तर ठीक. वर गेली तर बोटे काढावी लागतील. त्यानंतरही वर गेली, तर पाय.

दिवस त्या रेघेपासून सुरू व्हायचा. सहाला सिस्टर येत, इंजेक्शन देत. सातला झाडलोट. आठला ड्रेसिंगची ट्रॉली. चाकांचा आवाज पलीकडच्या खोलीपासून ऐकू यायचा आणि मला भीती वाटायची. भीती वेदनेची नव्हती. वेदना नव्हतीच. पट्टी सोडताना सिस्टरांचा चेहरा कसा होतो याची भीती होती.

पहिल्या दोन सकाळी लाली रेघेखाली होती. तिसऱ्या सकाळी ती रेघेच्या चार बोटे वर होती. त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली.

शुद्धीवर आल्यावर मी कुसुमला विचारले, "किती?"

"दोनच."

दुसऱ्या दिवसापासून नवी रेघ. लाली पाच दिवस तिच्या वर गेली नाही. सहाव्या दिवशी सिस्टरांनी स्पिरिटच्या बोळ्याने ती पुसून टाकली. त्या बोळ्याचा गारवा मला नडगीवर कळला. तेवढी नस जिवंत होती. मी सिस्टरांना पुन्हा एकदा पुसायला सांगितले. त्यांनी काही न विचारता पुसले.

कोण काय म्हणाले

कुसुम पहिले चार दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली. पाचव्या दिवशी डबा उघडता उघडता म्हणाली, "चार जोड मोजं दिलं हुतं." तिने डबा माझ्यापुढे सरकवला. "लोक हसतील म्हणालात. आता हसत्यात का बघा." भाकरीचा तुकडा मोडून तिने माझ्या हातात दिला. त्यानंतर आम्ही बोलू लागलो.

बावड्याहून शेवंताकाकूंचा फोन रोज यायचा. त्या रडायच्या. "पोरी, माझ्याच हातानं पोळलं गं जावयाला." कुसुम त्यांना म्हणायची, "काकू, तुझा हात न्हाय चुकला. ह्यांचं तोंड चुकलं. पोळत न्हाय म्हणून मिरवलं त्यांनी." हे ती माझ्यासमोर, स्पीकर चालू ठेवून म्हणायची.

आबा प्रसाद घेऊन आले. कॉटशेजारी बसले, माझ्या कपाळाला कुंकू लावले. "दोन बोटं घेतली, पण आईनं पाय राखला तुमचा."

कुसुम खिडकीपाशी उभी होती. "आबा, पाय डॉक्टरबाईंनी राखला. आई तरी काय करंल? तिनं ह्यांला डोळं दिलं हुतं, खाली बघायला."

"पोरी, इस्वासानं चालतो आमी."

"मीबी तिचीच परडी भरते, आबा. तिनं कवा सांगितलं, फोड आला तर हळद दाबून चाला म्हणून?"

आबा उठले. जाताना केळी ठेवून गेले. मला केळी चालत नव्हती.

कात्रणे

घरी बसून असताना मी जुनी कात्रणे आणि टिपणवह्या काढल्या. जथ्याच्या माझ्या बातम्या दरवर्षीच्या जवळपास सारख्याच होत्या. त्यांतल्या तीन बातम्यांत तात्यांचा उल्लेख होता. तात्या लोणीचे, आबांच्या आधीचे जथ्याचे प्रमुख. एका बातमीत मी लिहिले होते, "देवीच्या कृपेने आपल्याला वेदना जाणवत नाहीत, असे त्यांनी सांगितले."

त्या दिवसाची टिपणवहीही सापडली. तात्यांचे शब्द मी तेव्हा जसेच्या तसे उतरवले होते : "पाय बधिर पडल्यात, म्हणून चालतुया."

त्यांनी 'बधिर' म्हटले होते. त्याचे 'कृपा' मी केले. बातमी चांगली दिसावी म्हणून केले. तात्यांना शुगर होती का, हे विचारले नव्हते.

मी लोणीला जाऊन तात्यांच्या सुनेला भेटलो. त्यांनी ओसरीवर खुर्ची दिली. तात्यांना शुगर होती, गोळ्या चालू होत्या. त्या बातमीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. त्याच वर्षी ते गेले. लोणीत सगळे म्हणत होते, किडा चावला.

"तुमी छापलेला पेपर त्यांनी फ्रेम करून लावला हुता," त्या म्हणाल्या. "हितंच, भितीवर. आलेल्या-गेलेल्याला दावायचं."

ती चौकट आता तिथे नव्हती. खिळा होता.

तात्यांच्या निधनाची बातमी मी दिली होती. चार ओळी. पायाचा उल्लेख नाही. डॉक्टरांविषयी वर जे लिहिले आहे ते मी मागे घेत नाही. पण त्यांनी जे पाहिले नाही ते माझ्या हस्ताक्षरात माझ्या कपाटात पडून होते, आणि ते मी निघण्याआधी वाचले असते तर मोजे परत दिले नसते.

शिव

यंदा अष्टमीच्या आधी मी आणि कुसुम आबांकडे गेलो. मागणी दोन गोष्टींची होती. पायताण काढण्याआधी शिवेवर प्रत्येकाचे पाय तपासायचे, आणि टेंपोत सगळ्यांच्या बुटांची एक पिशवी ठेवायची.

आबा भडकले. "आईच्या वाटंवर पाय तपासून जायाचं? मग इस्वास कुठं राह्यला?"

"टेंपोचं टायर तपासता का न्हाय निघताना?" कुसुमने विचारले.

"त्ये येगळं."

"कसं येगळं? टायर फुटला तर स्टेपनी हाय. ह्यांची बोटं कुठं मिळत्यात सांगा, आणते जाऊन."

विलास तिथेच होता. तो तोंड फिरवून हसला. आबांनी त्याच्याकडे रागाने पाहिले, मग माझ्या पायाकडे पाहिले. "ठेवा पिशवी," ते म्हणाले. "कोण मागतंय बघू."

अष्टमीला सकाळी सात वाजता कुसुम देवळाच्या पायरीवर बसली. यंदा जथ्यात बावीस जण होते. एकेकाने पुढे यायचे, डोळे मिटायचे. ती बोटाच्या टोकाने पायाच्या बोटांना स्पर्श करायची. मी नावापुढे खूण करत होतो. विलासने प्रत्येक स्पर्शाला "व्हय" म्हटले आणि डोळे उघडून इकडेतिकडे पाहिले. "काकू न्हाईत न्हवं हितं, पाणी घिऊन?"

दोघांना स्पर्श कळला नाही. एक बाई, एक गृहस्थ. दोघांनाही शुगर होती. दोघांनी बूट घातले आणि एकमेकांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

आबा सगळ्यांत शेवटी आले. "करा तुमचं समाधान," म्हणून त्यांनी डोळे मिटले. आबांना शुगर आहे की नाही, कुणालाच माहीत नव्हते. त्यांनी कधी तपासली नव्हती.

कुसुमने उजव्या अंगठ्याला बोट लावले. मग करंगळीला. मग डाव्या पायाच्या तीन बोटांना. पुन्हा उजव्याला.

आबा म्हणाले, "लाव की पोरी. किती येळ थांबू?"

मी त्यांच्या नावापुढे खूण केली. आबांनी डोळे उघडले, सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि ते काय ते समजले. विलासने पिशवीतून आबांच्या सुनेने दिलेले बूट काढून समोर ठेवले. आबांनी ते ओलांडले, उदो म्हटला आणि अनवाणी पुढे निघाले. जथा त्यांच्या मागे निघाला. बूट विलासने परत पिशवीत टाकले.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बावड्याहून शेवंताकाकूंचा फोन आला. त्यांनी यंदा पाणी तापवले नव्हते. पाय धुऊन झाल्यावर प्रत्येकाचा तळवा उलटा करून पाहिला. आबांच्या डाव्या तळव्यात एक काटा होता. त्यांनी तो सुईने काढून आबांच्या हातावर ठेवला आणि कधी मोडला ते विचारले. आबांनी काटा बराच वेळ पाहिला. मग टेंपोतली पिशवी मागितली. ती त्यांना देण्यात आली.